फोटो काढू या, वरून!

राखीपौर्णिमेच्या आधीची गोष्ट. आमच्या वाचनपेटीत नवी पुस्तकं हवी होती. म्हणून माझ्या चौथीच्या मुलांनी विकायला राख्या केल्या. लोकरीच्या, मण्यांच्या, टिकल्यांच्या. मी रात्री घरी पिवळ्या दिव्याखाली पलंगावर त्या मांडल्या, मोबाइलवर फोटो काढला आणि पालकांना पाठवून दिला.

दोन दिवसांनी एक आजी शाळेत आल्या. "बाई, फोटोत केशरी होती, ही तर लाल! आणि एवढीशी?" राखी परत. ती करणारी मुलगी समोरच उभी होती हो! चूक राखीची नव्हती, माझ्या फोटोची होती.

मग शाळा सुटल्यावर आम्ही प्रयोगच मांडला. वस्तू सपाट मांडून बरोबर वरून काढलेल्या अशा फोटोला 'फ्लॅट ले' म्हणतात. तुम्हीही करून बघा.

आधी दिवे बंद, फ्लॅशही बंद. फ्लॅशनं टिकल्या नुसत्या चकाकतात. खिडकीजवळ जमिनीवर पांढरा कार्डपेपर अंथरा. थेट ऊन मात्र नको, सावल्या काळ्याकुट्ट पडतात. खिडकीच्या समोरच्या बाजूला दुसरा पांढरा कागद उभा धरा. सावली कशी फिकी होते, पाहिलंत? कागदावरून उजेड परत वस्तूवर येतो. आमच्या वर्गात हा कागद धरायला भांडणं झाली!

आता फोन. तो जमिनीला समांतर हवा. जरा कलला, की चौकोनी कागद एका बाजूला निमुळता दिसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आडव्या-उभ्या रेघा असतात, त्या चालू करा आणि कागदाच्या कडा त्यांच्याशी जुळवा. फार जवळ जाऊ नका, कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. थोडं उंचावरून काढा, नको तो भाग नंतर कापा. आणि खिडकी अडवून उभे राहू नका, नाहीतर राख्यांवर तुमचीच सावली!

मांडणी कशी करायची? आई पान वाढते ते आठवा. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये मोकळी जागा. अमेरिकेत फ्रँक गेरी या वास्तुशिल्पकारांच्या फर्निचर कारखान्यात अँड्र्यू क्रोमेलो नावाचे सफाई कामगार होते. १९८७ च्या सुमारास ते विखुरलेली हत्यारं काटकोनात मांडून ठेवत, म्हणजे वरून पाहताच सगळी दिसत. या मांडणीला त्यांनी 'नोलिंग' असं नाव दिलं.

पण बरणी, बाटली असं काही वरून टिपू नका. नुसतं झाकण दिसेल! राख्या, पापड, चिक्की, भेटकार्डं यांनाच हा फोटो शोभतो.

राहिलं माप. वरून काढलेल्या फोटोत वस्तू केवढी आहे ते कळतच नाही. आजी तिथंच फसल्या. म्हणून शेजारी ओळखीची वस्तू ठेवा. दहा रुपयांचं दोनरंगी नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं, हवं तर पट्टीनं मोजून बघा.

परत आलेली राखी आम्ही नाण्याशेजारी ठेवून पुन्हा टिपली. या वेळी लाल ती लालच दिसली. लगेच दोघांनी मागितली. पण त्या मुलीनं ती विकायला दिली नाही. स्वतःच्या धाकट्या भावाला बांधली.