ढाळ, सांधा आणि माती : घराची ड्रेनेज लाइन बदलताना

नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, याची चर्चा घरोघरी चालते. तेच पाणी वापरून झाल्यावर घराबाहेर कसे जाते, याची चौकशी मात्र ते जाईनासे झाल्यावरच होते. चेंबर तुंबले की बांबूच्या पट्ट्या घालून मोकळे करायचे, महिन्या-दोन महिन्यांनी ते पुन्हा तुंबायचे, असे काही काळ चालते. अखेर कोणीतरी सांगतो, "आता लाइनच बदलून टाका." मग पहिला प्रश्न उभा राहतो, तो खर्चाचा.

या लेखात आपण त्या खर्चाचा हिशेब मांडणार आहोत. पण लाइन का बिघडते हे कळल्याशिवाय तो हिशेब कळत नाही. उदाहरण म्हणून नाशिक शहर घेऊ. विषय फारसा सुगंधी नाही. पण पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल आणि अंकगणित हे सारे वर्गाबाहेर एकत्र भेटावेत, अशा जागा थोड्याच असतात.

पाण्याचा वेग आणि ढाळ

सांडपाण्याच्या नळीत पंप नसतो. पाणी उताराने वाहते. या उताराला गवंडी 'ढाळ' म्हणतात. नुसते पाणी थोड्याशा ढाळानेही वाहून जाते. त्याने आपल्याबरोबर मैला, साबणाचा साका, माती आणि खरकटे नेले पाहिजे, ही खरी अडचण आहे. त्यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ ते ०.७५ मीटर तरी असावा लागतो. वेग याहून कमी झाला की जड कण तळाशी बसतात, त्यांच्यावर तेलकट थर साचतो आणि नळी हळूहळू अरुंद होते.

वेग हा ढाळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ढाळ चौपट केला तर वेग दुप्पट होतो. घरगुती लाइनसाठी एक जुना ठोकताळा आहे : नळीचा व्यास जितके इंच, त्याच्या दहापट लांबीत एक माप उतार. म्हणजे चार इंची नळीला चाळीसास एक, सहा इंचीला साठास एक. चार इंची नळी अर्धी भरून वाहत असताना चाळीसास एक ढाळाला वेग सुमारे १ मीटर प्रतिसेकंद येतो. ढाळ एकशे साठास एक केला तर तो निम्म्यावर, म्हणजे अर्ध्या मीटरवर येतो आणि नळी साचू लागते. मोठी नळी टाकली म्हणजे तुंबणार नाही, ही समजूतही चुकीची आहे. रुंद नळीत तेवढेच पाणी पसरून उथळ होते आणि घन पदार्थ मागे राहतात.

सांधे आणि काळी माती

जुन्या घरांच्या लाइनी बहुधा भाजलेल्या, चकचकीत लेप दिलेल्या स्टोनवेअर पाइपांच्या असतात. या पाइपाला आम्ले खात नाहीत, तो टिकाऊही असतो. पण त्याचा एक तुकडा साधारण ६० सेंटीमीटरचा. बारा मीटरच्या लाइनला वीस तुकडे आणि मध्ये एकोणीस सांधे, तेही सिमेंटने भरलेले, म्हणजे न लवणारे.

आता नाशिकची जमीन पाहा. शहर दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ, असा क्रम बऱ्याच ठिकाणी आढळतो. थरांची जाडी मात्र जागोजाग बदलते. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. नळीखालची जमीनही अशीच दरवर्षी वर-खाली होते. पाइप लवत नाही, सांधाही लवत नाही. मग सांधा तडकतो. त्यातून ओल झिरपते आणि झाडाची मुळे त्या ओलाव्याच्या दिशेने वाढत आत शिरतात. केसासारखे बारीक मूळ आत गेले, की तिथे कचरा अडकून गाठ तयार होते. गळणाऱ्या पाण्याने भोवतालची माती वाहून गेली तर नळी खचते आणि ढाळही बिघडतो. बांबूने मुळांची जाळी तात्पुरती फाटते. तडकलेला सांधा मात्र तसाच राहतो.

यात आणखी एक धोका आहे. आपल्याकडे बहुतेक शहरांत नळाला पाणी ठरावीक वेळच असते. पाणी बंद असताना जलवाहिनीत दाब नसतो, आणि तिला भोक असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जवळच गळकी ड्रेनेज लाइन असेल तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणूनच पिण्याच्या पाण्याची नळी वर आणि बाजूला, तर सांडपाण्याची खाली, असा दंडक आहे.

दोष शोधणे आणि काम करणे

आधी दोष कुठे आहे ते पाहावे. सर्व चेंबरची झाकणे उघडून वरून पाणी सोडावे. वरचे चेंबर भरले आणि त्याच्या खालचे कोरडे राहिले, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये आहे. शेवटचे चेंबरही भरलेले असेल तर दोष घराबाहेर, कदाचित रस्त्यातील वाहिनीत असतो. तेव्हा अंगण खणून उपयोग नाही. बादलीभर रंगीत पाणी सोडून ते कुठे, किती वेळाने आणि किती उतरते, हे विद्यार्थ्यांनाही पाहता येईल.

अडथळा एकाच जागी असेल तर तेवढा तुकडा बदलावा. तो जागा बदलत असेल, अनेक सांध्यांत मुळे असतील किंवा ढाळच गेला असेल, तर पूर्ण लाइन बदलणे शहाणपणाचे. रस्ता खोदावा लागणार असेल तर महानगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी लागते.

काम खालच्या टोकापासून वर करीत यावे. रस्त्यातील चेंबर किती खोल आहे, यावर सारा ढाळ ठरतो. ढाळ मोजायला गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतात. तिच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते. जोडलेल्या भांड्यांचा हा नियम आपण सातवी-आठवीत शिकवतो. दोन खुंट्यांवर त्या पातळीच्या खुणा करून दोरी ताणली, की प्रत्येक मीटरला अडीच सेंटीमीटर खाली हे माप सहज घेता येते. चराच्या तळाशी दहा सेंटीमीटर वाळू किंवा कच पसरून नळी तिच्यावर सर्व लांबीभर टेकवावी. दगडावर टेकलेली नळी पुढे तिथेच दबते. वळणावर एकदम काटकोन न देता पंचेचाळीस अंशांचे दोन तुकडे घ्यावेत, आणि वळण वा जोड असेल तिथे चेंबर बांधावे. चेंबरचा तळ सपाट न ठेवता त्यात अर्धगोल पन्हळ करावी.

आज जमिनीखालील सांडपाण्यासाठी भारतीय मानक १५३२८ प्रमाणे बनवलेले पीव्हीसी पाइप मिळतात. सहा मीटरचे तुकडे घेतले तर बारा मीटरला मध्ये एकच सांधा येतो. सांध्यात रबराची कडी असेल तर माती हलली तरी तो थोडा लवतो.

चर बुजवण्यापूर्वी चाचणी झालीच पाहिजे. खालचे टोक बंद करून लाइन पाण्याने भरावी आणि पातळी उतरते का ते पाहावे. नळीच्या पोकळीपेक्षा किंचित लहान चेंडू वरून सोडला तर तो खाली यायला हवा. एका टोकाला आरसा आणि दुसऱ्या टोकाला विजेरी धरली, तर सरळ नळीत प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते; ते चंद्रकोरीसारखे दिसले तर नळी मध्ये वाकली आहे असे समजावे. नंतर माती थराथराने दाबून भरावी.

जुन्या नाशकातील अरुंद बोळांत एक दक्षता घ्यावी लागते. वाड्याच्या भिंतीलगत पायापेक्षा खोल चर एकाच वेळी लांबवर उघडा ठेवू नये. तुकड्यातुकड्याने खणावे आणि बुजवत जावे. हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकलेले बरे.

जमीन न खणता जुन्या नळीत राळेचे अस्तर चढवण्याची पद्धतही आहे. एरिक वूड यांनी ती १९७१ मध्ये लंडनमध्ये वापरली. मोठ्या वाहिन्यांना ती सोयीची आहे. पण दहा-बारा मीटरसाठी यंत्रसामग्री आणणे परवडत नाही. शिवाय अस्तर जुन्या नळीचाच ढाळ घेते. ढाळ चुकला असेल तर तो तसाच राहतो.

खर्चाचा हिशेब

बारा मीटर लाइन घेऊ. ढाळ चाळीसास एक, म्हणजे एकूण उतार ३० सेंटीमीटर. वरच्या टोकाला चर ५५ आणि खालच्या टोकाला ८५ सेंटीमीटर, म्हणजे सरासरी ७० सेंटीमीटर खोल. रुंदी ६० सेंटीमीटर. खोदाई १२ × ०.६ × ०.७ = सुमारे ५ घनमीटर.

एक माणूस मऊ मातीत दिवसाला साधारण दोन-तीन घनमीटर खणतो. म्हणजे दोन-अडीच दिवसांची मजुरी. कठीण मुरूम लागला तर दिवस दुप्पट होतात, आणि कातळ लागला तर ब्रेकर आणावा लागतो. प्लंबर व मदतनीस, चेंबरसाठी गवंडी व बिगारी, चर बुजवणे हे धरून दहा ते पंधरा मनुष्यदिवस होतात. त्यात पाइप, सुमारे पाऊण घनमीटर वाळू वा कच, विटा-सिमेंट, चेंबरची झाकणे, फोडलेली फरशी पुन्हा बसवणे, राडारोडा उचलणे आणि रस्ता खोदल्यास त्याचे शुल्क मिळवा. पैशातले दर गावोगाव आणि वर्षागणिक बदलतात, पण मनुष्यदिवस फारसे बदलत नाहीत. आपल्या गावचे दर त्यात घालून विद्यार्थ्यांना हा हिशेब पुरा करता येईल. पाइपाचा वाटा त्यात लहानच निघेल. तेव्हा हलका पाइप घेऊन थोडे पैसे वाचवणे म्हणजे सारी खोदाई धोक्यात घालणे होय.

पावसाचे पाणी आणि गोदावरी

लाइन नवी करताना गच्चीचे पाणी तिला जोडण्याचा मोह होतो. हा हिशेबही करून पाहा. पाच माणसांचे घर, माणशी रोजचे १३५ लिटर पाणी आणि त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी धरले, तर दिवसाला ५४० लिटर होतात. शंभर चौरस मीटर गच्चीवर तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर. म्हणजे एका तासात साडेचार दिवसांचे पाणी! असे हजारो घरांतून झाले, की वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे यांची क्षमता ओलांडली जाते. नाशिकला तपोवन, आगर टाकळी, पंचक, चेहेडी इथे अशी केंद्रे आहेत. पण भर पावसात जे पाणी चेंबरमधून उसळते, ते केंद्रांपर्यंत पोचत नाही. ते नासर्डी, वाघाडी अशा प्रवाहांतून गोदावरीत जाते. ज्या रामकुंडावर २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थांत लाखो लोकांनी स्नान केले, त्या नदीच्या शुद्धतेचा एक धागा आपल्या गच्चीच्या पन्हळीशी असा जोडलेला आहे.

'माणूस उतरवा' हा स्वस्त उपाय

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. साचलेल्या मैल्यात प्राणवायू संपला, की काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो हवेपेक्षा जड असल्याने खोल चेंबरच्या तळाशी साठतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या वर गेले की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. वास नाही म्हणून माणूस निर्धास्तपणे उतरतो. दहा लाखांत पाचशे ते हजार भागांत काही श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढायला उतरलेला दुसराही दगावतो, तो याच कारणाने.

१९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास बंदी आहे. संरक्षक साधनांशिवाय गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणसाला सफाईसाठी उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. तरीही चेंबर तुंबले की "कोणी उतरणारा मिळतो का" असे आजही विचारले जाते, कारण लाइन बदलण्यापेक्षा ते स्वस्त वाटते. ते स्वस्त वाटते, कारण त्याची किंमत दुसरा कोणी आपल्या जिवाने मोजत असतो.

म्हणून काम देताना "किती पैसे लागतील" याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : ढाळ किती ठेवणार? सांधे किती आणि कसले? बुजवण्यापूर्वी पाण्याची चाचणी दाखवणार का? ही तीन उत्तरे समाधानकारक मिळाली आणि काम तसेच झाले, तर त्या लाइनसाठी कोणाला चेंबरमध्ये उतरावे लागण्याची वेळ सहसा येणार नाही.