खापरपणजोबांचा शोध

तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हाला सांगता येईल का? बहुतेकांना येईल. खापरपणजोबांचे? आता वर्गातले बरेच हात खाली जातील. आणि पणजोबांच्या आईचे नाव विचारले, तर एखादाच हात वर राहील. म्हणजे अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, आपल्याच घरातली माणसे आपल्याला नावानेही ठाऊक नसतात. ती शोधून काढता येतात का? पुष्कळदा येतात. मात्र त्यासाठी पुरावा तपासून घेण्याची जी सवय लागते, ती प्रयोगशाळेत लागते तशीच असते.

प्रथम थोडे गणित करू. तुमचे आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दर पिढीला संख्या दुप्पट होते. दहा पिढ्या मागे गेलात तर १,०२४ पूर्वज, वीस पिढ्या मागे १०,४८,५७६ आणि तीस पिढ्या मागे १०७ कोटींहून अधिक! एक पिढी सरासरी २८ वर्षांची धरली, तर तीस पिढ्या म्हणजे ८४० वर्षे. देवगिरीला यादवांचे राज्य होते तो हा काळ. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्याही एवढी नव्हती. मग चूक कोठे झाली? गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती 'हे सर्व पूर्वज निरनिराळे होते' या गृहीतात. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा जोडप्याच्या मुलाला पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात. कारण त्याच्या वडिलांचे आईकडचे आजी-आजोबा आणि त्याच्या आईचे वडिलांकडचे आजी-आजोबा ही एकच जोडी असते. पिढ्यान् पिढ्या पंचक्रोशीतच सोयरिकी होत गेल्या, की तीच तीच माणसे वंशवृक्षात अनेक ठिकाणी येतात.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. आडनावाच्या धाग्याने तुम्ही दहा पिढ्या मागे पोहोचलात, तर त्या पिढीतल्या १,०२४ जागांपैकी फक्त एका जागेवरचा माणूस तुम्हाला सापडलेला असतो. घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

शोधाची सुरुवात घरापासून करावी. आजीला विचारा, आत्याला विचारा, आणि ऐकाल ते त्याच दिवशी वहीत लिहा. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारतात, म्हणून अनेक घरांत निदान तेवढी नावे टिकून असतात. त्यानंतर शाळा. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरात त्यांचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मगाव व जन्मतारीख मिळते. पण तारीख १ जून असेल तर सावध राहा! मुलाची खरी जन्मतारीख पालकांना ठाऊक नसली, की गुरुजी शाळा भरण्याच्या हिशेबाने ती १ जून लिहून टाकीत. अशी 'एक जूनला जन्मलेली' माणसे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात भेटतील. तेव्हा नाव व गाव खरे मानावे, तारीख मात्र अंदाजाची समजावी. एकाच कागदातली एक नोंद विश्वासार्ह व दुसरी कच्ची असू शकते, हे येथेच शिकून घ्यावे.

शाळेनंतर तलाठी कार्यालय आणि तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. सातबारा तुम्ही पाहिला असेल, पण पूर्वजांच्या शोधात सातबाऱ्यापेक्षा फेरफार अधिक बोलका असतो. खातेदार वारला म्हणजे त्याच्या वारसांची नोंद फेरफारात होते. 'मयताचे मुलगे तीन, पत्नी एक' अशा एका ओळीत दोन पिढ्यांचा सांधा जुळतो. ज्यांच्याकडे कधी जमीनच नव्हती त्यांची नावे येथे सापडत नाहीत. ती मिळाली तर कोतवाल बुकात मिळतात. गावातले जन्म व मृत्यू पूर्वी या वहीत टिपले जात; जुन्या दप्तरात तिला 'गाव नमुना १४' म्हणतात.

त्याही मागे जायचे तर मोडी लिपी आली पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात रोजचा व्यवहार मोडीत चाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात जे पेशवे दफ्तर आहे, त्यात मोडी कागदांचे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गाठोडे. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तरी तो अंश लहानच आहे.

मोडी अक्षर लागले तरी तारखेचे कोडे उरते. जुन्या कागदांवर इसवी सन नसतो. शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत. जानेवारी ते चैत्रारंभापर्यंतच्या तारखेला ७९. फसली सन असेल तर सुमारे ५९० मिळवावेत. मराठेशाहीच्या कागदांत बहुधा 'सुहूर सन' असतो आणि तो आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत लिहिलेला असतो, तोही एकक आधी. उदाहरणार्थ, 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होई. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. ११६१ चा जानेवारी म्हणजे १७६१ चा जानेवारी. त्याच महिन्यात, १४ तारखेला, पानिपतची लढाई झाली. शेतीच्या हंगामावर बेतलेला हा सन सौर आहे. हिजरी सन चांद्र असल्यामुळे त्याला मात्र अशी एकच ठरावीक बेरीज चालत नाही.

नावांचेही नियम आहेत. 'धोंडी बिन म्हादू' म्हणजे म्हादूचा मुलगा धोंडी. बाईच्या नावापुढे 'कोम' आले तर पुढचे नाव नवऱ्याचे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे घोटाळा होतो, आणि वडिलांचे नाव जोडण्याच्या पद्धतीमुळे तो सुटतो. पेशव्यांचेच पाहा : बाळाजी विश्वनाथ हे आजोबा आणि बाळाजी बाजीराव हे नातू. नुसते 'बाळाजी' वाचून थांबाल तर मधला बाजीराव गळून पडेल! आडनावावर फार विसंबू नये. हे पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट, आणि होळकरांचे नाव होळ या गावावरून पडले. गाव सुटले, हुद्दा मिळाला, की आडनाव बदले.

गळालेली पिढी ओळखायला एक सोपी कसोटी आहे. समजा, एका वंशावळीत १६८० ते १९०० या काळात पाचच पिढ्या दाखवल्या आहेत. २२० भागिले ५ म्हणजे ४४ वर्षांची एक पिढी. एखादा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी होऊ शकतो, पण सलग पाचही? येथे मधली नावे सुटली असण्याचा संभव फार. उलट सरासरी १५ आली, तर बहुधा भावाभावांना बाप-लेक करून लिहिले आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न : कागद खरे बोलतो का? पाटीलकीच्या किंवा कुलकर्णाच्या वतनावर भांडण झाले, की दोन्ही पक्ष आपापला 'करीना', म्हणजे घराण्याची हकीकत, लिहून देत. आठ-आठ पिढ्यांची नावे अशी आयती मिळतात. पण लिहिणाऱ्याला वतन हवे होते, हे विसरू नये. निवाड्याचा महजर आणि त्यावरच्या साक्षी अधिक भरवशाच्या, कारण तेथे शेजारच्या गावांचे पाटील व बलुतेदार साक्षीला बसत. कागदाची जातही पाहावी. विलायती कागद उजेडासमोर धरला तर पुष्कळदा त्यात गिरणीचे जलचिन्ह दिसते, काहींत वर्षही. मजकुरातील वर्षापेक्षा जलचिन्हातील वर्ष नंतरचे निघाले, तर दस्तऐवज बनावट किंवा निदान नंतरची नक्कल आहे.

अशा नोंदींवर आजही बरेच काही अवलंबून असते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथली जुनी कागदपत्रे उर्दूत वा मोडीत आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा या लिप्या वाचणाऱ्यांना गावोगावी मागणी आली. पणजोबांच्या नावापुढच्या एका शब्दावर मुलाचे प्रमाणपत्र ठरते, म्हणून तो शब्द नीट वाचणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच मोठी.

दत्तकाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कागदावरचा वंश दत्तकाने पुढे चालतो, रक्ताचा चालत नाही. पुरुषांतील वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए आईकडून सर्व मुलांकडे जातो. म्हणजे आपले दप्तर जिच्याकडे दुर्लक्ष करते ती आईची, आजीची, पणजीची रेषा आपल्या पेशींत नोंदलेली असते. कागदांत ती रेषा फार लवकर तुटते. लग्नानंतर मुलीचे नावही पुष्कळदा बदलत असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र यात्रेकरूंबरोबर घरातल्या स्त्रियांची नावेही आढळतात. या वह्या गाव व आडनावावरून लावलेल्या असतात आणि खाली यात्रेकरूची सही असते.

कधी शोध उलट दिशेनेही चालतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून पुष्कळ लोक मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेले. त्यांच्या नोंदी तेथील मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत : मजुराचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि जहाज. काहींची छायाचित्रेही आहेत. अडचण एवढीच, की गावाचे नाव परक्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहिले आहे. ते डोळ्यांनी वाचून लागत नाही. मोठ्याने उच्चारावे लागते, आणि तेही रत्नागिरी जिल्ह्यातली वाड्यावस्त्यांची नावे पाठ असलेल्या एखाद्या माणसासमोर.