रजोनिवृत्ती, उदासी आणि काष्ठौषधी

रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, साधारण पंचेचाळिशीच्या आसपास, अनेक स्त्रियांना धडधड, झोपमोड आणि अकारण उदासी जाणवू लागते. संप्रेरकांतील चढउतार हे त्यामागचे एक कारण. अशा वेळी डॉक्टरांआधी काष्ठौषधींचे दुकान गाठले जाते, ते 'वनस्पतींनी अपाय होत नाही' या भरवशावर. हा भरवसा फसवा आहे.

युरोपात पूर्वापार वापरली जाणारी 'सेंट जॉन्स वर्ट' ही वनस्पती सौम्य ते मध्यम नैराश्यात उपयोगी पडत असल्याचे चाचण्यांत दिसले आहे. मात्र ती यकृतातील विकरांना चालना देते. परिणामी वॉरफरिनसारख्या, रक्तात गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाचा प्रभाव घटतो. गर्भनिरोधक गोळ्यांचेही तेच. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भधारणेची शक्यता संपली, असे नव्हे! नैराश्यावरील गोळ्यांसोबत ती घेणे तर अधिकच धोक्याचे.

आपल्याकडची अश्वगंधा काही छोट्या चाचण्यांत ताण कमी करणारी ठरली. पण ती थायरॉईड संप्रेरकांची पातळी वाढवू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. थायरॉईडच्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रियांनी अश्वगंधेचे चूर्ण घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मात्र चूर्णावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.