उतारावरच्या परसाला भिंत कोणती घालावी?

कोकणात सपाट जमीन भाताला ठेवायची आणि घर उतारावर बांधायचे, अशी जुनी रीत आहे. त्यामुळे घरामागे चार केळी, हळद, अळू, मिरची लावायची म्हटली की माती अडवणारी भिंत लागतेच. ती नीट झाली तर परस पिढ्यान्‌पिढ्या टिकते. चुकली तर एका रात्रीच्या पावसात भिंत, माती आणि लागवड तिन्ही जातात. भिंत घराच्या वरच्या अंगाला असेल, तर ती मागच्या पडवीवर किंवा गोठ्यावरच येते. म्हणून दगडाचा भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: भिंतीची उंची किती, आणि भिंतीमागचे पाणी बाहेर कोठून जाणार?

भिंत पाडते ते पाणी

भिंत मातीच्या भाराने पडते, असा समज आहे. बहुतेक भिंती पडतात त्या मातीत तुंबलेल्या पाण्याने. भिंतीमागे एक मीटर उंच पाणी तुंबले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा बसतो. दोन मीटर तुंबले तर तोच रेटा सुमारे २,००० किलो होतो. म्हणजे उंची दुप्पट, रेटा चौपट. मातीचा रेटा याशिवाय वेगळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. तेव्हा पाण्याला वाट ठेवणे हेच भिंतीचे पहिले काम समजावे.

तीन फुटांपर्यंत: गडगा

कमी उंचीला आपला सुक्या दगडांचा गडगाच उत्तम. त्याच्या फटींतून पाणी आपोआप निघून जाते आणि सिमेंटचा खर्च वाचतो. घट्ट मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत पाया खणावा. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. तीन फूट उंचीला तळ दोन फूट धरावा. दर फुटाला दोन इंच याप्रमाणे भिंत वरच्या अंगाला, म्हणजे मातीकडे, कलती ठेवावी. मोठे दगड तळाला घालावेत. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये, आणि मधूनमधून भिंतीच्या पुऱ्या जाडीत जाणारा लांब दगड आडवा बसवावा. पोकळीत माती न भरता दगडाच्या चिपा ठोकाव्यात. नदीतले गोल गोटे या कामाला चालत नाहीत.

चार फुटांपर्यंत: चिऱ्याची भिंत

जांभा चिरा सिमेंटमध्ये बांधला की भिंत देखणी होते, पण तिच्यातून पाणी जात नाही. म्हणून तीन-चार इंची नळ्यांचे तुकडे बाहेरच्या अंगाला थोडा उतार देऊन पाच-सहा फुटांवर बसवावेत. पहिली ओळ जमिनीलगत असावी. नळ्यांमागे भिंतीच्या पुऱ्या उंचीला फूटभर रुंद खडीचा थर द्यावा, म्हणजे माती येऊन भोके बुजणार नाहीत. एका चिऱ्याच्या जाडीची भिंत ही कुंपणाची भिंत झाली. माती अडवायला तळाची जाडी येथेही उंचीच्या निम्मी हवी.

त्याहून उंच असेल तर

एकच सहा फुटी भिंत घालण्यापेक्षा तीन-तीन फुटांच्या दोन पायऱ्या कराव्यात. दोन्हींत निदान सहा फुटांचे अंतर सोडावे. लागवडीलाही तेवढी जागा मिळते. जागा नसेल, तर तारेच्या जाळीत दगड भरलेली भिंत किंवा लोखंडी सळयांच्या काँक्रीटची भिंत हे पर्याय आहेत. जाळीची भिंत पाणी सोडते आणि जमीन थोडी खचली तरी तुटत नाही. मात्र खाऱ्या वाऱ्यात तार गंजते, म्हणून समुद्रालगत प्लॅस्टिकचा लेप असलेली तार घ्यावी. काँक्रीटच्या भिंतीलाही पाण्याची भोके लागतातच. या उंचीची भिंत गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा.

आणि एक गोष्ट. परसाची भिंत परसापुरतीच असते. महाड तालुक्यातील तळिये येथे जुलै २०२१ मध्ये डोंगर घसरून घरे गाडली गेली. तशी दरड कोणतीही घरगुती भिंत अडवू शकत नाही. वरच्या डोंगराला भेगा दिसल्या, झाडे कलू लागली, की ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीत कळवावे आणि घर सोडावे.

भिंत झाल्यावर

मागची माती सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून धुम्मसाने ठोकावी. वरून येणारे पाणी भिंतीच्या वरच चर खणून बाजूला काढावे. छपराच्या पागोळ्या आणि न्हाणीचे पाणी भिंतीमागे सोडू नये. माडाचे आळे भिंतीला लागून करू नये, आणि फणस, आंबा यांसारखी मोठी झाडे तर दूरच लावावीत. भिंतीच्या माथ्यावर वाळ्याची ओळ लावावी. तिची मुळे खोल उतरून माती धरतात.

काम दिवाळीनंतर सुरू करून वैशाखाच्या आत संपवावे. पावसाळ्यात दर आठवड्याला घरातल्या कोणीतरी भिंत पाहावी. जोराच्या पावसातही भोकांतून पाणी येत नसेल, तर ती बुजली आहेत असे समजून सळईने मोकळी करावीत. पण भिंतीला पोट आले किंवा नवी चीर पडली, तर तिच्या खाली थांबू नये. गुरे सोडावीत, माणसे दुसरीकडे न्यावीत आणि दुरुस्ती उघडीप झाल्यावरच करावी.