जुनी बुलेट आणि नवे पेट्रोल

आपल्या बेळगाव परिसरातील उसाचे आता इंधनही होते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. ऊसकरी शेतकऱ्याला याचे समाधान असणारच. माझ्या १९७२ सालच्या बुलेटला मात्र ते सहजी मानवत नाही.

ॲब्सोल्यूट अल्कोहोलची बाटली उघडी राहिली की ते हवेतील बाष्प ओढून घेते, हे आपणां डॉक्टरमंडळींना सांगावयास नको. गाडीच्या टाकीतही तेच घडते. पाणी पुरेसे साचले की इथेनॉल त्यासह पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसते आणि पत्र्याला आतून गंज चढतो. म्हणून अशी गाडी धावण्यापेक्षा उभी राहूनच अधिक बिघडते. पावसाळाभर झाकून ठेवावयाची असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत आणि टाकीच्या आतून तेलाचा हात फिरवावा. (बेळगावचा पाऊस कुणाची गय करत नाही!) एरवी पेट्रोल थोडेच भरावे व आठवड्याला एक फेरी मारावी.

इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण विरळ होते, इंजिन तापते. मेन जेट किंचित मोठा बसवावा. जुने रबर फुगते, तेव्हा नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

काही स्नेही महागडे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल सुचवितात. हा निदानापूर्वीच उपचार झाला. या बुलेटचे कॉम्प्रेशन सातच्या आसपास. तिला अधिक ऑक्टेनची गरजच नाही, आणि त्या पेट्रोलातही इथेनॉल असू शकते. पंपावर विचारावयाचे ते इथेनॉल किती, एवढेच.