मंद संगणकाची चिकित्सा

संगणक मंदावला की दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. वस्तुतः मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती नोंद वाचक-शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी ४ सहस्रांश सेकंद निव्वळ प्रतीक्षेत जातात, आणि तेवढ्या अवधीत प्रोसेसर लक्षावधी हुकूम बजावू शकला असता. डिस्कवरचा भार हलका करण्याचा एक मार्ग म्हणजे माहिती दाबून साठविणे; १९७७ साली आब्राहाम लेम्पेल व याकोब झिव्ह यांनी त्यासाठी मांडलेली युक्ती अशी, की येऊन गेलेला शब्दसमूह पुन्हा आला, तर तो न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जाऊन इतकी उचलावी' एवढाच निर्देश नोंदवावा. १९९३च्या एमएस-डॉस ६ मधील डबलस्पेसने त्याच कुळातल्या पद्धतीने अपुऱ्या डिस्कवर जवळजवळ दुप्पट दप्तर मावविण्याची तजवीज केली. जेपीईजी छायाचित्रे मात्र आधीच संकोचित असल्याने पुन्हा दाबून फारसे काही साधत नाही. फिरती तबकडी काढून एसएसडी बसविली, तर आरंभी सांगितलेली नोंदीची प्रतीक्षाच बव्हंशी नाहीशी होते. तेव्हा जुने यंत्र मोडीत घालण्यापूर्वी, दस्तऐवजांची प्रत सुरक्षित ठेवून, वाचकांनी हा खर्च आधी करून पाहावा.