खोडालाही ऊन लागते

माणसाला ऊन लागते, गुरांना लागते, तसे झाडालाही लागते, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. झाड तर जन्मभर उन्हातच उभे! खरे आहे. पण ऊन झेलतात ती पाने. खोड त्या पानांच्या सावलीत वाढलेले असते, आणि सावलीतली साल पातळ, नाजूक राहते. ती सावली एकदम गेली, की साल भाजते.

बहुतेक वेळा ही सावली आपणच काढतो. वखर झाडाखालून सुरळीत जावा म्हणून खालच्या फांद्या बुंध्यापासून साफ केल्या जातात. संत्र्याची सल काढताना हात जरा जास्तच चालतो. म्हाताऱ्या आमराईला नवी पालवी यावी म्हणून मोठे खांदे उतरवले जातात. हे काम थंडीत होते, तेव्हा काही बिघडलेले दिसत नाही. मग फाल्गुन-चैत्र येतो.

भाजलेले खोड पाहायचे तर नैर्ऋत्येच्या अंगाने, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधून पाहा. दुपारनंतर हवा आधीच तापलेली असते, त्यात ऊन नेमके या अंगाला लागते. सालीच्या लगेच आत एक पातळ, ओलसर थर असतो. खोडाची जाडी तोच वाढवतो. तो मेला की त्यावरची साल गेलीच म्हणून समजा. आधी ती काळपट पडते, मग तडकते, शेवटी सुटून आतले लाकूड उघडे पडते. तिथून कीड शिरते, बुरशी शिरते. साल चहूबाजूंनी मेली, तर पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि दहा वर्षे वाढवलेले झाड वाळून जाते.

साल सुटायला कधी कधी महिने लागतात, म्हणून वाट पाहत बसू नका. खोडावर बोटाच्या पेराने टकटक करा. सुटलेली साल पोकळ वाजते. संशय आला तर नखाने किंचित खरवडा. आत हिरवट, ओलसर दिसले तर साल जिवंत, कोरडे तपकिरी दिसले तर मेलेली. मात्र संत्र्याच्या बुंध्याला डिंक आला की उन्हालाच दोष देऊ नये. बुंध्याशी पाणी साचून मातीतल्या बुरशीने होणारा डिंक्या हा वेगळा रोग आहे.

गंमत अशी, की बर्फाच्या मुलखातही झाडाची हीच बाजू जाते. हिमाचल-काश्मीरकडे हिवाळ्यातल्या दिवसाचे ऊन सफरचंदाच्या खोडाला ऊब देते, साल जागी होते, आणि सूर्य बुडताच कडाक्याची थंडी तिला गोठवते. तिथेही उपाय तोच: चुना.

पांढरा रंग ऊन परतवतो, एवढेच त्यातले रहस्य. विरवून पुरता थंड झालेला चुना गाळून, थोडा डिंक घालून, ऊन तापण्याआधी बुंध्यापासून पहिल्या फांद्यांपर्यंत लावावा. रस्त्याकडेच्या झाडांचा गेरूचा पट्टा दिसायला छान, पण तो चुन्याइतके ऊन परतवत नाही. तैलरंग तर नकोच. लहान कलमांना पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करावा, नाहीतर शेवरी लावावी.

भाजलेली साल धारदार चाकूने जिवंत कडेपर्यंतच काढा. जास्त सोलू नका. त्या जागेला आणि छाटलेल्या फांद्यांच्या तोंडाला बोर्डोमलम लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात कालवून, थंड झाल्यावर दोन्ही एकत्र करायचे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको. लोखंडी पाते त्यात बुडवून पाहा. तांबूस चढले तर चुना कमी पडला, आणखी घाला. मोरचूद विषारी, तेव्हा पोरांना दूर ठेवा आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आणि खालच्या फांद्या काढायच्याच असतील तर दोन-तीन वर्षांत थोड्या थोड्या काढा, नैर्ऋत्येकडच्या सगळ्यांत शेवटी. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून पुढच्या उन्हाळ्याआधी तो पुन्हा लावावा लागतो.